बर्फातल्या मेंढ्या

"भिंतीकडे बघायचं नाही," गाडी सुरू करण्याआधी अपूर्वने बजावलं.

"मग बघायचं कुठे?" विनायकरावांनी विचारलं.

"माणसांकडे बघा. पोह्यांकडे बघा. भिंतीवर काही टांगलेलं असलं तर त्याच्याकडे बघायचं नाही, आणि बघितलंच तर बोलायचं नाही."

विनायकराव दिघ्यांना वाईट वाटलं, पण मुलाची अट अगदीच अकारण नव्हती. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आठ आठवड्यांचा कलारसास्वादाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून पनवेलच्या घरात, दारातून आत येणाऱ्याला चुकवता येणार नाही अशा जागी लावलं होतं. तेव्हापासून चित्र दिसलं की आधी रंग, मग रेषा, मग अवकाश, मग भाव आणि शेवटी प्रतीकं, या क्रमाने ते बोलायला लागत. मिठाईच्या खोक्यावरच्या गाईच्या डोळ्यांत त्यांना विरह दिसला होता. दंतवैद्याकडे दाढांच्या तक्त्यावर ते इतका वेळ बोलले की डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

आणि आजचा दिवस तर फारच नाजूक होता. अपूर्व आणि वल्लरी घरत एकाच ऑफिसात होते, कित्येक महिने एकाच डब्यातून जेवत होते आणि लग्नाचं त्यांचं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. पण वल्लरीच्या वडिलांना सगळं रीतसर हवं होतं. बघण्याचा कार्यक्रम, पोहे, बैठक, मग साखरपुडा. तेव्हा दिघे कुटुंब ठरलेलं लग्न ठरवायला तळोज्याला निघालं होतं. जे जुळलंय ते या रीतसरपणात मोडू नये, एवढीच अपूर्वची इच्छा होती.

"मी काय लहान मूल आहे का?" विनायकराव म्हणाले.

"लहान मूल असतं तर मोबाइल देऊन बसवलं असतं," अपूर्वची आई, शोभाताई, मागच्या सीटवरून म्हणाल्या.

घरतांचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता. हॉल ऐसपैस होता. एका बाजूला सोफा, समोर जेवणाचं टेबल आणि टेबलाच्या वरची अख्खी भिंत व्यापून सोनेरी चौकटीतलं एक चित्र. विनायकरावांना नेमकं सोफ्यावर त्याच्यासमोर बसवलं गेलं. त्यांनी पंख्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, स्वतःच्या मोज्यांकडे बघितलं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. वल्लरीची आई, भावनाताई, यांना वाटलं, गृहस्थ फारच विनयशील आहेत.

घात केला तो वल्लरीच्या वडिलांनी. "दिघेसाहेब, वल्लरी सांगत होती, तुम्ही चित्रांमधले मोठे जाणकार आहात म्हणून," मधुकरराव म्हणाले. अपूर्वने केलेली तक्रार वल्लरीच्या तोंडून येता येता कौतुक झाली होती. "आमचं चित्र बघितलंत की नाही?"

अपूर्वचा पोह्यांचा चमचा अर्ध्या वाटेत थांबला.

"फॉरेनचं आहे," भावनाताई म्हणाल्या. "स्वित्झर्लंड असणार. आम्ही रोज त्याच्यासमोर बसून जेवतो. मे महिन्यातसुद्धा नुसतं बघितलं तरी गार वाटतं."

विनायकरावांनी मुलाकडे पाहिलं. अपूर्व डोळ्यांनी नाही नाही म्हणत होता. पण नजरेतला भाव विनायकरावांना चित्रातल्या माणसांचाच तेवढा कळायचा. शिवाय घरच्या यजमानाने विचारल्यावर गप्प बसणं उद्धटपणाचं झालं असतं. ते उठले.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "हिवाळा आहे. आधी रंग बघा. वरवर पांढरा वाटतो, पण पांढरा नाही तो. आत राखाडी आहे आणि मधूनमधून गंजासारखा तांबूस. आता रेषा. सगळं आडवं पडलंय बघा. उभी आहेत ती फक्त जळलेली झाडं. आभाळ खाली उतरलंय, श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही. म्हणजे भाव आहे तो शोकाचा."

"शोकाचा?" मधुकररावांनी विचारलं.

"युद्धाचा काळ आहे ना."

"कुठलं युद्ध?"

"ते चित्रकाराने सांगितलेलं नाही. पण हा पूल उडवलाय. हे चाक तोफेचं आहे. आणि हे जे जागोजागी..."

"ते दगड आहेत," भावनाताई म्हणाल्या. "बर्फाखाली गेलेले."

"दगड नाहीत ते, वहिनी." विनायकरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक चित्राला टेकेल इतके ते पुढे झाले. "हा हात. हे डोकं. ही लोखंडी टोपी. माणसं आहेत ही सगळी. मेलेली."

वल्लरी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. ती तशीच मागे फिरली. हॉलमध्ये कोणी काही बोलत नव्हतं, आणि श्रोते इतके गप्प झालेले पाहून विनायकरावांना वाटलं, व्याख्यान रंगतंय. त्यांनी कावळ्यांचं प्रतीक समजावलं. जळलेल्या झाडांचं समजावलं. शेवटी कोपऱ्यातल्या लहानशा घराकडे बोट नेलं.

"पण खचून जाऊ नका. ही खिडकी बघा. आत उजेड आहे. इतक्या मरणात चित्रकाराने एक आशा ठेवली आहे."

भावनाताई टेबलाशी, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, टेकल्या होत्या. त्या चटकन उठून उभ्या राहिल्या. "हे आम्हाला वास्तुशांतीला आलंय," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांच्या बहिणीनं दिलंय."

दुसरा कोणी असता तर इथे पाणी मागून खाली बसला असता. विनायकरावांना मनापासून आनंद झाला. "मग त्यांनी फार विचार करून दिलंय," ते म्हणाले. "असं चित्र कोणी सहज उचलून देत नाही."

परतताना कळंबोलीच्या सिग्नलला विनायकरावांनी विचारलं, "मी काही वाईट बोललो का? त्यांनीच विचारलं होतं."

"तुम्ही पोहे खायचे होते," शोभाताई म्हणाल्या.

संध्याकाळी वल्लरीचा फोन आला. आईने चित्रावर चादर टाकली होती. दुसऱ्या दिवशीपासून घरत मंडळी बेडरूममध्ये ताटं घेऊन जेवायला लागली. मग भावनाताईंनी मागचा हिशेब काढला. या घरात आल्यापासून मधुकररावांची अँजिओप्लास्टी झाली, वरच्या फ्लॅटमधून गळती लागली, गच्चीतल्या कुंडीतला आंबा एकदाही मोहरला नाही. आजवर या सगळ्याला वेगवेगळी कारणं होती. आता एकच झालं. बारा वर्षं आपण मुडद्यांसमोर बसून वरणभात खाल्ला आणि वर गार वाटतं म्हणालो, हे त्यांना काही केल्या विसरता येईना.

शेवटी त्यांनी चिरनेरला फोन लावला. कमळाबाई म्हणजे मधुकररावांची मोठी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, गावात एकट्या राहायच्या आणि बोलायच्या मोजकं.

"ताई, तुम्ही वास्तुशांतीला आम्हाला काय दिलंत?" भावनाताईंनी थेटच विचारलं.

कमळाबाई म्हणाल्या, "काय दिलंय ते त्या पावण्याला सांगू दे. माझ्यासमोर. सगळ्यांच्या देखत चित्रात काय हाय ते सांगू दे, मग येते मी साखरपुड्याला."

आणि त्यांनी फोन ठेवला. मधुकररावांनी डोक्याला हात लावला. आई गेल्यावर या बहिणीने त्यांना वाढवलं होतं. पोरीची आत्या नसेल तर साखरपुडा होणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. भावनाताईंनी सांगितलं, खुलासा झाल्याशिवाय मी त्या बाईच्या पाया पडणार नाही. हॉल ठरला होता, जेवणाचा ॲडव्हान्स गेला होता, आणि सगळं येऊन अडलं होतं विनायकरावांपाशी.

अपूर्वने वडिलांशी बोलणं बंद केलं. एकाच खोलीत बसून तो आईला सांगे, "त्यांना सांग, दूध उतू जातंय." विनायकराव दूध बंद करत आणि परत खुर्चीत येऊन बसत. त्यांना स्वतःची फार लाज वाटत होती. एका म्हाताऱ्या बाईने प्रेमाने भावाच्या घरात एक चित्र दिलं, ते लोक सुखाने त्याच्यासमोर जेवत होते, आणि आपण शहाणपण दाखवायला जाऊन त्या घरात मुडदे आणून ठेवले, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं आणि कपाटात उशांच्या अभ्र्यांखाली ठेवून दिलं. शोभाताईंनी ते पाहिलं. नवऱ्याची एवढी शरमलेली पाठ त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"रविवारी जायचं आणि सांगायचं, दगडच आहेत," त्यांनी तोड काढली.

"दगडाला हात कसा असेल? मीच दाखवलाय."

"मग दुसरं काही सांगा. जिवंत असलं की झालं. मुडदे नकोत एवढंच."

विनायकरावांनी दोन दिवस विचार केला. पांढरं, अंगाने गोलसर, बर्फात आडवं पडणारं आणि जिवंत. शुक्रवारी चहा घेताना त्यांनी कप खाली ठेवला. "मेंढ्या," ते म्हणाले.

"चालतील," शोभाताई म्हणाल्या.

अभ्यासक्रमातल्या मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या की काहीही करा, पण चित्राशी खोटं बोलू नका. विनायकरावांना ते वाक्य सारखं आठवत होतं. तरी त्यांनी आरशासमोर उभं राहून मेंढ्यांचा सराव केला.

रविवारी घरतांच्या हॉलमध्ये सगळे जमले. कमळाबाई टेबलाजवळच्या खुर्चीत, चित्राकडे तोंड करून बसल्या होत्या. अंगाने काटकुळ्या, पण ताठ बसलेल्या. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. समोरच्या चहाला त्यांनी हात लावला नव्हता. मधुकररावांनी पुढे होऊन चादर ओढली. भावनाताईंनी मान फिरवली.

"बोला," कमळाबाई म्हणाल्या.

विनायकराव उभे राहिले. "आधी मी माफी मागतो," ते म्हणाले. "मागच्या वेळी माझा चष्मा घरी राहिला होता." चष्मा त्या दिवशी त्यांच्या कपाळावर होता हे सगळ्यांना आठवत होतं, पण कोणी तसं म्हटलं नाही. "आणि माझा कोर्स फक्त आठ आठवड्यांचा. त्यातले दोन आठवडे आमच्याकडे नेट नव्हतं."

"असू दे हो, होतं असं," मधुकरराव म्हणाले. "चित्राचं सांगा."

"या मेंढ्या आहेत," विनायकराव म्हणाले.

भावनाताईंची मान परत चित्राकडे वळली.

"थंड देशातल्या मेंढ्या अशाच बसतात. बर्फात अंग चोरून. हा मी हात म्हटला तो मेंढीचा कान. ही टोपी नाही, त्यांना पाणी पाजायचं घमेलं आहे. चाक गाडीचं आहे, चाऱ्याची गाडी असणार."

"आणि पूल?" वल्लरीने विचारलं. तिच्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलत नव्हती.

"पुलाचं काम चालू आहे. आपल्याकडे असतं तसं."

"अगदी बरोबर," मधुकररावांना आता हुरूप आला होता. "तरीच पलीकडे माणसं दिसत नाहीत. आणि कावळे?"

"कावळे म्हणजे पाहुणे येणार."

"बघा," मधुकरराव बायकोला म्हणाले, "म्हणजे किती शुभ चित्र आहे. आणि आपण चादर टाकून बसलो."

"आणि खिडकी?" कमळाबाईंनी विचारलं. इतका वेळ त्यांनी उच्चारलेला तो पहिला प्रश्न होता.

"खिडकी म्हणजे आशा," विनायकराव म्हणाले. सबंध भाषणात तेवढं एकच वाक्य त्यांना बदलावं लागलं नव्हतं, म्हणून ते त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं.

भावनाताई चित्राजवळ गेल्या. एका मेंढीवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. "मी ह्यांना म्हणत होते, एवढे मुडदे कोण कशाला काढेल," त्या म्हणाल्या आणि कमळाबाईंच्या पाया पडल्या. "ताई, चुकलं माझं. मनात काही ठेवू नका."

"झालं आता," कमळाबाई म्हणाल्या. "येते मी साखरपुड्याला. पोरीनं काय केलंय माझं." त्या उठल्या. जेवायला थांबा म्हणून मधुकररावांनी पुष्कळ आग्रह केला, पण चिरनेरची गाडी चुकेल म्हणून त्या थांबायला तयार नव्हत्या. "यांना सांग मला रिक्षापर्यंत सोडायला," त्या विनायकरावांकडे बघून म्हणाल्या.

सगळ्यांना ते फार मोठेपणाचं वाटलं. अपूर्वने दारात वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कितीतरी दिवसांनी तो त्यांच्याशी थेट बोलला. "थँक्यू, बाबा," तो म्हणाला.

खाली येऊन फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्यावर कमळाबाईंनी विनायकरावांकडे तोंड वळवलं.

"मेंढ्या का सांगितल्यात तुमी?"

विनायकरावांनी चष्मा सारखा केला. "चित्रात मेंढ्याच..."

"मेंढ्या नाय त्या. मेलेली माणसं हायेत. मला घेतानाच ठाऊक होतं. पनवेलला झकेरियाभाईच्या फ्रेमच्या दुकानात घेतलं मी ते. तो बोलला, बाई, ही जंगची तसवीर हाय, घरभरणीला सात घोडे न्या, सगळे तेच नेतात. मी बोलली, घोडे नको. हीच बांधून दे."

"पण तुम्ही तर फोनवर म्हणालात, सगळ्यांच्या देखत..."

"चित्रात काय हाय ते सांगा बोलली. मेंढ्या सांगा असं कुठं बोलली मी?"

ज्याचा अर्थ लावायलाच नको इतकं ते साधं वाक्य होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्याचा अर्थ लावला होता.

"बापाची जमीन होती चिरनेरला," कमळाबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "ती विकून हे घर घेतलं मधूनं. कागद घेऊन आला, बोलला, ताई, इथं सही कर, हक्कसोड हाय. केली मी. तुला काय हवं असं एकदा तरी विचारील असं वाटलं होतं. नाय विचारलं. एक लुगडं दिलं. वास्तुशांतीला आले तर मला शेवटच्या पंगतीला बसवलं, तोवर भाजी संपलेली. तोंडानं बोलायला मला जमत नाय. म्हणून हे दिलं. जेवताना समोर दिसंल, कधीतरी कळंल. तर ही भावना, मी आले की दर वेळी सांगते, ताई, तुमचं चित्र बघून गार वाटतं."

एक रिक्षा आली, पण ती भरलेली होती.

"मग तुमी आलात. पहिल्या दिवशी बघितलंत आणि ओळखलंत. विचार करून दिलंय बोललात. मला वल्लरीनं फोनवर सांगितलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवली. बोलली, आता एकदा मधूसमोर सांगू दे यांना. आणि तुमी त्याच्या मेंढ्या केल्यात."

"माफ करा," विनायकराव म्हणाले. गेले दोन आठवडे त्यांना लाज वाटत होती ती खरं बोलल्याची. आता खोटं बोलल्याची वाटायला लागली, आणि ही लाज पहिलीपेक्षा बरीच जड होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लावलेला अर्थ तंतोतंत बरोबर निघाला होता आणि तो त्यांनी स्वतःच्या तोंडाने पुसून टाकला होता. "मी वर जाऊन खरं सांगतो."

"नको. पोरीचं लगीन हाय." त्यांनी पदर सारखा केला. "आणि ती खिडकी आशा नाय. आत दिवा हाय, चूल पेटली हाय, लोकं जेवतायत. बाहेर ही माणसं गारठून मेली. आशा असती तर आतल्या लोकांनी दार उघडलं असतं ना."

विनायकरावांनी पुस्तकात खिडकीबद्दल बरंच वाचलं होतं. दार त्यांनी बघितलंच नव्हतं.

रिक्षा थांबली. कमळाबाई आत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि बाहेर वाकून त्यांनी विचारलं, "तुमाला बहीण हाय?"

"आहे. पेणला असते."

"घर घेतलंत तवा तिची सही घेतलीत?"

विनायकराव रिक्षावाल्याकडे वळले. "पनवेल डेपो," त्यांनी सांगितलं. "नीट ने रे यांना." कमळाबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर अपूर्व खुशीत होता. साखरपुड्याच्या जेवणात काय ठेवायचं यावर तो आईशी बोलत होता. विनायकराव आतल्या खोलीत गेले. तिथे दाराच्या मागे, दार उघडं असलं की झाकलं जाईल अशा जागी, एक चित्र टांगलेलं होतं. तळं आणि दोन हंस. त्यांच्या वास्तुशांतीला पेणच्या बहिणीने, हौसाताईंनी, दिलेलं. या घरात आल्यापासून विनायकरावांनी जगातल्या सगळ्या चित्रांवर भाष्य केलं होतं, पण हे हंस कधी धड बघितले नव्हते. त्यांनी चित्र काढलं, बनियनच्या टोकाने काच पुसली आणि ते खिडकीच्या उजेडात घेऊन बसले.

एक हंस तळ्याच्या मधोमध होता, पांढराशुभ्र, मान उंच केलेला. दुसरा पार कडेला, गवतात, लहानसा. पहिल्याची त्याच्याकडे पाठ होती.

शोभाताई आत आल्या. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं आणि व्याख्यान ऐकायच्या तयारीने पलंगावर बसल्या.

विनायकरावांनी रंगापासून सुरुवात केली नाही. "ताईने बाबांच्या नागोठण्याच्या जागेच्या कागदावर सही केली ना," ते म्हणाले, "तेव्हा ती काही बोलली होती का गं?"

"नाही. चहा घेतला आणि पेणच्या गाडीने गेली."

"आपण थांब म्हटलं होतं तिला?"

शोभाताईंनी आठवून बघितलं. "घाई होती ना तेव्हा," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनीही चित्राकडे पाहिलं.

विनायकरावांनी फोन घेतला. पाडव्यानंतर त्यांनी पेणला फोन केला नव्हता. पलीकडे घंटी बराच वेळ वाजली.

"ताई, मी विनू बोलतोय. येत्या रविवारी घरी आहेस का? यायचं म्हणत होतो."

तिकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. हौसाताईंच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता, टोमणाही नव्हता.

"ये ना," त्या म्हणाल्या. "आहे मी घरी. सही कुठे करायची आहे?"